दस्त्याला टाकी

आमच्या कुटुंबाचा एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यावर सहसा वाढदिवसाच्या शुभेच्छा, गणपतीचे फोटो आणि कोणीतरी कोणालातरी पाठवलेले घरगुती उपाय एवढेच असते. गेल्या महिन्यात मात्र टेक्सासला राहणाऱ्या माझ्या भाच्याने वेगळाच फोटो टाकला. अंगणातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर सुट्टी केलेली रायफल, आणि तिचा खांद्याला टेकवायचा प्लॅस्टिकचा भाग काळा, बारीक रव्यासारखा खरखरीत झालेला. खाली लिहिले होते, "मामा, तुम्ही एनसीसीत होता ना? ओळखा, काय केलंय!"

सौ. म्हणाली, रंगाला पोपडे आलेत वाटतं. माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, लगेच उत्तर टाकले, "ते आधी कपाटात कुलूपबंद कर." मी मात्र फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसलो. का, ते शेवटी सांगतो. आधी इतिहास. शिक्षकाची सवय आहे, मुद्द्यावर यायला तास संपत येतो.

रविवारी भाच्याचा फोन आला तेव्हा सगळे विचारून घेतले. तो तिकडे परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. (आम्हाला ते फारसे आवडत नाही, पण तो आता पन्नाशीचा आहे.) त्याच्या रायफलीचा दस्ता लाकडाचा नाही, साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा आहे. हलका, स्वस्त, पावसात फुगत नाही. खोट एकच, ओल्या हातात तो साबणाच्या वडीसारखा निसटतो. म्हणून त्याने स्क्रू काढून नळी आणि यंत्र बाजूला केले, दस्ता साबणाने धुतला, पॉलिशपेपरने घासून त्याची चकाकी मारली, स्पिरिटने पुसला. मालमोटारीच्या हौद्यात सामान घसरू नये म्हणून मारतात तो दाणेदार रंग फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. त्याचे पातळ पातळ हात दिले आणि प्रत्येक हात वाळू दिला. काही लोक तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने प्लॅस्टिकवर शेकडो बारीक ठिपके पाडतात म्हणे. पण त्यात हात चुकला तर दस्ता कायमचा बिघडतो, म्हणून त्याने रंगच पसंत केला.

एक गोष्ट मला फार आवडली. जिथे नेम धरताना गाल टेकतो, तेवढी जागा त्याने चिकटपट्टी लावून झाकली होती आणि गुळगुळीतच ठेवली होती. हाताला खरखरीत हवे, गालाला मऊ हवे.

मी म्हणालो, "अरे, म्हणजे तू दस्त्याला टाकी लावलीस!"

"टाकी? पाण्याची?"

घ्या! पन्नाशीच्या मराठी माणसाला टाकी लावणे माहीत नाही. त्याचाही दोष नाही. आमच्या लहानपणी गिरीजच्या वाड्यांमधून बायका ओरडत जायच्या, "टाकीऽऽ लावायची का, टाकीऽऽ!" त्यांच्याजवळ छिन्नी आणि हातोडी असायची. घरोघरचे पाटे, वरवंटे, जाती वापरून वापरून गुळगुळीत होत. मग वाटण वाटले जात नसे, नुसते सरकत राही. ती बाई अंगणात बसून पाट्यावर टकटक टकटक करत ठिपके पाडायची. तासाभरात पाटा पुन्हा नवा. मिक्सर आला आणि ती हाळी बंद झाली. पण तत्त्व तेच आहे. जिथे काम करायचे तिथे पृष्ठभाग मुद्दाम बिघडवावा लागतो.

मग मला नादच लागला. आपण इतिहासात तोफांचा पल्ला शिकवतो, तहाची कलमे शिकवतो, लढायांचे सनावळे पाठ करून घेतो. पण शस्त्र जिथे हातात धरतात त्या चार बोटे जागेचा इतिहास कोणी शिकवत नाही. मीही तीस वर्षांत कधी शिकवला नाही.

सुरुवात घरापासूनच करतो. माझे वडील वाडीत काम करायचे. केळी, पानवेली, थोडी फुले. त्यांच्या कोयत्याच्या मुठीवर नेहमी सुतळी गुंडाळलेली असे. केळीचा लोंगर उतरवताना चीक हातावर येतो आणि पावसाळ्यात सगळेच ओले. तेव्हा नुसती लाकडी मूठ हातात टिकत नाही. कुऱ्हाड उचलण्याआधी माणूस तळहातावर थुंकतो तेही त्याचसाठी. हे कोणी कोणाला शिकवले नाही. हातानेच शिकवले.

आता कोळीवाड्यात चला. वसईच्या बाजारात पाकट येतो तो आपल्याला माहीत आहे. त्याच्या कातडीवर हात फिरवलात तर बारीक दाणे लागतात. जपानच्या सामुराईंच्या तलवारींची मूठ ह्याच पाकटाच्या जातभाईंच्या कातड्याने मढवत आणि त्यावर फीत आवळून गुंडाळत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या तलवारींच्या मुठीलाही माशाचे खरखरीत कातडे आणि वर तारेचे वेढे असत. रक्ताने आणि घामाने हात ओला झाला तरी मूठ सुटू नये एवढाच हेतू. जपानी आणि इंग्रज यांनी एकमेकांना विचारून हे केले नसावे. ओला हात सगळीकडे सारखाच घसरतो.

आणि आपले मराठे? इथे तर फार गमतीची गोष्ट आहे. फिरंग हा तलवारीचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. नावातच सगळे आले. पाते युरोपातून आलेले, बरेचसे पोर्तुगीजांच्या व्यापारातून, आणि मूठ मात्र इथल्या कारागिराने बसवलेली. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून 1875-76 च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला दिली गेलेली जी तलवार आज ब्रिटनच्या राजसंग्रहात आहे, तीही ह्याच जातीची. म्हणजे परक्याचे पोलाद आपण बेलाशक घेतले, पण मूठ परकी घेतली नाही. का? तर हात आपला आहे! मराठा पद्धतीच्या मुठीत बोटे झाकणारी वाटीसारखी जाळी असते आणि आतून कापडाची गादी लावलेली असते. दांडपट्ट्यात तर हात कोपराखालपर्यंत लोखंडी खोळीत जातो आणि आतला आडवा दांडा मुठीत धरायचा. आपल्याकडच्या तलवारींच्या मुठी इंग्रजांना आपल्या हातासाठी फार लहान वाटत. ती तक्रार वाचून मला हसू आले. त्यांच्या हातासाठी त्या केल्याच नव्हत्या.

1737 ते 1739 या काळातली वसईची मोहीम आपल्या घराच्या दारातली. आमच्या गिरीजची हिराडोंगरी, जिच्यावर आज दत्ताचे देऊळ आहे, तिथला वज्रगड मराठ्यांचा. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा किल्ला पडला. त्या फौजेतल्या साध्या शिपायाच्या हातात काय असेल? तोड्याची बंदूक. पेटलेली वात कानात लावायची, म्हणजे बंदुकीच्या कानात. अशा बंदुका मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी नीट बघा. दस्ता सरळ, बारीक, जवळजवळ काठीसारखा. युरोपातल्या बंदुकीसारखा मागे रुंद होत गेलेला नाही. नळी दस्त्याला बांधायला बऱ्याचदा चामड्याच्या वाद्या किंवा तारेचे वेढे असत. बांधणीसाठी घातलेले वेढे पुढच्या हाताला पकडही देत असणार, असे आपले मला वाटते.

युरोपात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिकारीच्या चांगल्या बंदुकांच्या दस्त्यावर एक जाळी कोरू लागले. तिला चेकरिंग म्हणतात. बारीक दातांच्या हत्याराने एका दिशेने समांतर रेघा ओढायच्या, मग तिरप्या दुसऱ्या. मध्ये शंकरपाळ्यांसारखे टोकदार दाणे उभे राहतात. एका इंचात वीसेक रेघा! एक रेघ चुकली की सगळी जाळी वाकडी. दिसायला नक्षी, पण काम पकडीचे. आणि गंमत बघा, ही जाळी बहुधा उमरावांच्या बंदुकीवर. पलटणीतल्या शिपायाच्या बंदुकीचा दस्ता साधा गुळगुळीत. लाखो दस्त्यांवर कोण रेघा ओढत बसणार? ज्याच्या हातात बंदूक वर्षातून चार दिवस, त्याला पकड. ज्याच्या हातात ती चिखलात, पावसात, रोज, त्याला तेल पाजलेले गुळगुळीत लाकूड.

हे चित्र बदलले ते प्लॅस्टिकने. लाकूड पाणी पिते, फुगते, नळीला दाबते आणि नेम सरकतो. अमेरिकेत द्यु पाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांनी 1935 मध्ये नायलॉन तयार केले होते, ते आपल्याला साड्या, मोजे आणि मासेमारीच्या जाळ्यांवरून माहीत. त्याच नायलॉनचा दस्ता असलेली 'नायलॉन 66' नावाची छोटी रायफल रेमिंग्टन कंपनीने 1959 मध्ये बाजारात आणली. लोकांनी आधी नाके मुरडली, मग दहा लाखांहून जास्त विकत घेतल्या. साठच्या दशकात व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांच्या हातात काळ्या प्लॅस्टिकच्या दस्त्याची एम-16 आली. आपल्याकडे ईशापूरला बनणाऱ्या एसएलआरला लाकडी दस्ता असे. नव्वदच्या दशकात इन्सास आली आणि आपल्या जवानाच्या हातातही प्लॅस्टिक आले. 1999 च्या कारगिल युद्धात थंडीने तिची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या होत्या, ते तेव्हा वर्तमानपत्रांत वाचल्याचे आठवत असेल. नवी वस्तू स्वतःचे नवे दोषही घेऊन येते.

पण प्लॅस्टिकने एक समता आणली. साच्यातच एकदा जाळी कोरली की प्रत्येक दस्त्यावर ती फुकट उमटते, शिपाई असो की साहेब. आणि साच्यातली पुरली नाही तर माझ्या भाच्यासारखा माणूस अंगणात बसून ती स्वतः वाढवतो.

नेमबाजीच्या खेळात मात्र असे मनाला येईल ते करता येत नाही, हेही सांगायला हवे. हवाई रायफलीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दस्त्याच्या धरायच्या भागावर पकड वाढवणारे साहित्य वरून चिकटवायला मनाई आहे. दहा मीटरवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे प्रत्येकाला सारखी परीक्षा हवी. पण रायफल अंगाला बसवून घेण्याची मात्र पुष्कळ सोय असते. गालाचा टेकू वरखाली होतो, मागची पट्टी पुढेमागे सरकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवले ते मी टीव्हीवर पाहिले. सगळे गुणांकडे बघत होते, मी त्याच्या हातांकडे बघत होतो. अंजली भागवत तर एनसीसीतूनच नेमबाजीत आली, मुंबईच्या कीर्ती कॉलेजातून.

एनसीसीचे नाव आले. आता तो फोटो मी इतका वेळ का बघत बसलो ते सांगतो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मी तरुण शिक्षक होतो आणि शाळेच्या एनसीसी तुकडीचे काम माझ्याकडे होते. शाळेचे नाव घेत नाही. ऑक्टोबरमधले शिबिर होते. मुलांना पॉइंट टूटूच्या रायफली द्यायच्या. ह्या रायफली मोठ्या थ्री-नॉट-थ्रीच्याच अंगावर केलेल्या, गोळी छोटी पण वजन आणि लांबी मोठ्या माणसाची. आदल्या दिवशी निरोप आला की वरचे अधिकारी तपासणीला येणार. संध्याकाळी मी मुलांना बसवले आणि दस्त्यांना जवसाचे तेल चोळून घेतले. लष्करी पद्धत थोडे तेल चोळून लाकडात मुरू देण्याची. मी घाईत होतो. "चकाकलं पाहिजे!" म्हणत राहिलो. दस्ते आरशासारखे झाले. तेल मुरले नव्हते.

सकाळी दहालाच ऊन तापले होते. चौथ्या क्रमांकावर एक बारीक चणीचा मुलगा होता, आमच्या गिरीजचाच, वाडीतल्या घरचा. पालथा पडून नेम धरताना दस्ता त्याच्या खांद्याला पुरत नव्हता, म्हणजे मान ताणून तो गाल पुढे नेत होता. हात घामाने ओले. चाप ओढताना हात घसरला, नळी खाली गेली आणि गोळी दहा-बारा पावलांवर मातीत घुसली. कोणाला काही झाले नाही. पण पाहुण्यांसमोर झाले. मी त्याला दंडाला धरून उठवले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्या हातात बंदूक द्यायची लायकी नाही."

त्या दिवसानंतर तो एनसीसीला आला नाही. त्याला सैन्यात जायचे होते, हे मला दुसऱ्या मुलांकडून कळले. मी बोलवायला गेलो नाही. माझ्या दृष्टीने प्रश्न शिस्तीचा होता.

पुढे निवृत्तीनंतर जुन्या रायफलींबद्दल वाचताना एक माहिती हाती लागली. ली-एनफील्डचा दस्ता एकाच मापाचा नसे. लांब, मध्यम, आखूड आणि त्याहूनही आखूड अशी चार मापे अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकाने बनत, आणि दस्त्यावर त्याचे अक्षर ठोकलेले असे. म्हणजे ज्या सैन्याच्या शिस्तीचा मी अभिमान बाळगत होतो, त्या सैन्याला सगळी माणसे एका मापाची नसतात हे माहीत होते. मला माहीत नव्हते. तेव्हा मी वाचले आणि पान उलटले. भाच्याचा फोटो बघितला त्या दिवशी मात्र पान उलटता येईना. त्याने चकाकी घासून काढली होती, पकड मिळावी म्हणून. मी पकड घालवली होती, चकाकी मिळावी म्हणून. मुलाचा हात घसरला, पण तेल माझे होते.

चकाकी बघणाऱ्यासाठी असते आणि खरखर धरणाऱ्यासाठी. माझ्या सगळ्या नोकरीत मी बघणाऱ्यांची किती काळजी केली, तपासणीच्या आदल्या दिवशी किती फळे रंगवली, किती वह्यांना कव्हरे घालायला लावली, ते आठवत राहिले.

तो विद्यार्थी गावातच आहे. हिराडोंगरीच्या बाजूला त्याची वाडी आहे. साठी उलटली त्याची. रस्त्यात भेटला की "नमस्कार सर" म्हणतो, मीही मान हलवतो, चाळीस-पंचेचाळीस वर्षे असेच चालले आहे. मागच्या आठवड्यात सकाळी मुद्दाम त्याच्याकडे गेलो. तो केळीची सुकी पाने काढत होता. खुर्ची आणायला धावला. मी म्हणालो, "बस आधी." आणि सगळे सांगितले. तेल, तपासणी, दस्त्याचे माप, सगळे.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, मला वाटायचं माझेच हात खराब. घाम फार यायचा ना. मी कित्येक वर्षं कोणाशी हात मिळवायलासुद्धा लाजायचो."

मी काय बोलणार! "चूक माझी होती," एवढेच म्हणालो. आयुष्यभर मुलांकडून हे वाक्य वदवून घेतले, स्वतः म्हणताना जीभ जड झाली.

"जाऊ द्या सर. सैन्यात वजनातच नापास झालो असतो," असे म्हणून तो हसला. ते मला बरे वाटावे म्हणून होते की खरे होते, मला कळले नाही.

निघताना त्याने चार केळी दिली. घड कापायला घेतलेल्या कोयत्याकडे माझे लक्ष गेले. मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली होती, काळी, खरखरीत, आणि बोटे बसतात तिथे खाचा पडलेल्या. मी ती हातात घेऊन बघितली. छान बसली होती पकड.

"कोणी शिकवलं रे?" मी विचारले.

"कोण शिकवणार सर? हात घसरला की माणूस शिकतो."

घरी येऊन भाच्याला त्या कोयत्याबद्दल लिहिले. फोटो काढायचा राहिला, पुढच्या वेळी काढीन.